गाडी पन्नाशीला पोचायची कशी?

गोंदियाहून सकाळी सुटलेली महाराष्ट्र एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरला पोचते. तेराशे किलोमीटरहून अधिक वाट, आणि सगळी एकाच राज्यातली. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावचा कुणी या गाडीने विजयादशमीला कोल्हापुरात उतरला आणि दिवस कलताना दसरा चौकात जाऊन उभा राहिला, तर त्याला अंबाबाईची पालखी दिसेल, आपट्याची पाने दिसतील आणि गर्दीतून सावकाश येणारी एक भगव्या रंगाची, टप उघडलेली लांबलचक मोटार दिसेल. छत्रपतींच्या घराण्यातली मंडळी न्यू पॅलेसहून सीमोल्लंघनाला तिच्यातून येतात. ती मेबॅक. जर्मनीत तिचा उच्चार मायबाख असा होतो. कोल्हापूरकरांनी मात्र तिला केव्हाच आपल्यात घेतले आहे, म्हणून इथेही मेबॅकच.

ही मोटार छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली, १९३०च्या दशकातली. राजर्षी शाहूंचे हे चिरंजीव १९२२ ते १९४० गादीवर होते. कोल्हापूरचा विमानतळ १९३९ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला. विमानतळ बांधणाऱ्या राजाच्या मोटारखान्यात मेबॅक असावी हे चांगले जुळून येते, कारण मेबॅक हे नाव रस्त्याआधी आभाळात गाजले. विल्हेल्म मेबॅक हा गॉटलिब डाइमलरचा अनेक वर्षांचा साथीदार. १९०१ची पहिली मर्सिडीज त्याच्या आराखड्यावर उभी राहिली. पुढे त्याने आणि त्याचा मुलगा कार्ल याने काउंट झेपेलिनच्या हवाई जहाजांना इंजिने पुरवण्यासाठी १९०९ मध्ये कारखाना काढला. पहिल्या महायुद्धानंतर तहाच्या अटींनी जर्मनीच्या विमान-इंजिनांवर बंधने आली, तेव्हा कार्ल मोटारींकडे वळला. १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात पहिली मेबॅक आली. दुसऱ्या महायुद्धात काम थांबेपर्यंतच्या वीस वर्षांत सगळ्या मिळून सुमारे १,८०० गाड्या झाल्या. आजचा मोठा कारखाना एवढ्या गाड्या एक-दोन दिवसांत काढतो.

शिवाय मेबॅकच्या कारखान्यातून बहुधा पूर्ण मोटार बाहेर पडतच नसे. तिथे चेसिस, इंजिन आणि गिअर यांची जुळणी होई. वरचा सांगाडा गिऱ्हाइकाने दुसऱ्या कारखान्यातून बांधून घ्यायचा. बहुतेक सांगाडे राफेन्सबुर्ग गावच्या हर्मन श्पोनच्या कारखान्यात झाले. आधी सुताराने लाकडाची चौकट करायची, मग पत्र्याच्या कारागिराने हातोडीने पत्रा वळवून त्या चौकटीवर बसवायचा, चामड्याचे काम करणाऱ्याने बैठका शिवायच्या आणि शेवटी कापडी टप ताणून बसवणारा यायचा. ज्या गावांत बैलगाड्या आणि रेंग्या बनत होत्या, त्या गावांना ही रीत अनोळखी नाही. गोरेगावच्या जुन्या सुतार-लोहारांना कामाची ही वाटणी समजावून सांगावी लागली नसती.

इतकी दुर्मीळ मोटार नव्वदीच्या घरात येऊनही रस्त्यावर दिसते याचे कारण साधे आहे. तिला दरवर्षी एक काम आहे.

दसऱ्याला निघायचे म्हणजे त्याआधी कुणीतरी बॅटरी पाहणार. टाकीत राहिलेले पेट्रोल काढणार, कारण महिनोन् महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट साका कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसतो. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढून घेते आणि सिलिंडर आतून गंजतात, म्हणून तेही बदलणार. एकाच जागी उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात, रबराच्या सिली कडक होतात, उंदीर वायरी कुरतडतात. चालणाऱ्या गाडीत हे सगळे वेळेवर ध्यानात येते. उभ्या गाडीत ते दहा वर्षांनी एकदम कळते, आणि तेव्हा खर्च दहापट झालेला असतो. उघड्या टपाच्या गाडीचे दुखणे आणखी वेगळे. ओला टप मिटून ठेवला की कापडाला बुरशी धरते आणि शिवण कुजते. वर्षानुवर्षे मिटून ठेवला की कापड आटते आणि पुन्हा काचेच्या चौकटीपर्यंत पोचत नाही. म्हणून जाणकार माणूस उघडी गाडीसुद्धा टप ताणून, झाकून उभी करतो. पत्र्याखालचे लाकूड कुजले आहे की नाही हे ओळखायची खूण दारात असते. दार उघडल्यावर ते थोडे खाली झुकले, तर वरचा रंग कितीही चकाकत असो, आतली चौकट गेलेली असते.

हे ज्ञान पुस्तकात थोडे आणि हातात जास्त असते. कोल्हापुरात ते हातांत होते. म्हादबा मिस्त्रींसारख्या स्वयंशिक्षित कारागिरांनी तिथे यंत्रकामाची परंपरा उभी केली, उद्यमनगरात लेथ उभे राहिले, ओतशाळा आल्या, ऑइल इंजिने बनू लागली. त्या काळच्या इंजिनांत बेअरिंगच्या जागी वितळवलेला पांढरा धातू ओतून मग तासून बसवावा लागे. शेतावरची इंजिने आणि पंप दुरुस्त करणारे मिस्त्री हे काम रोज करत. राजवाड्यातली मोटार आणि उसाच्या मळ्यातले इंजिन यांच्या दुरुस्तीची विद्या एकाच घरातली होती. जुन्या गाड्यांविषयी लिहिताना मालकाचे नाव पहिल्या ओळीत येते आणि या हातांचे कुठेच येत नाही. हा अन्याय आहे, आणि जुन्या गाड्या जपताना होणाऱ्या पुढच्या चुका त्यातून निघतात.

काम नसलेल्या गाड्यांचे काय झाले, हेही महाराष्ट्राला माहीत आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर, मराठी घराण्याचे, यांना मोटारींची विलक्षण पारख होती. १९३५ मध्ये त्यांच्यासाठी अमेरिकन ड्यूझेनबर्गच्या चेसिसवर लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली उघडी मोटार आज जगातल्या नामांकित मोटारींत गणली जाते. ती भारतात नाही. संस्थाने गेली, तनखे गेले, आणि मोटारखान्यांतल्या शेकडो गाड्या कवडीमोलाने देशाबाहेर गेल्या. १९५० पूर्वीच्या मोटारी परदेशी नेण्यावर सरकारने निर्बंध घातले खरे, पण तोवर चांगल्या चांगल्या गाड्या समुद्रापार झाल्या होत्या.

मेबॅकला दसरा राखत आला. घराण्याची इच्छा आणि ऐपत यांचाही त्यात वाटा आहे. पण इच्छा आणि ऐपत असूनही कुजलेल्या गाड्या या देशात पुष्कळ आहेत. तारीख ठरलेली असली की दुरुस्ती पुढे ढकलता येत नाही.

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळासाठी वापरतात, आणि देवळांच्या बाबतीत तो कसा वापरला गेला हे पाहिले की धास्ती वाटते. हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडावर ऑइल पेंट लागतो, गाभाऱ्यात टाइल्स बसतात, कळसाला सिमेंटचे नवे थर चढतात. भक्तीने केलेले हे काम मूळ कारागिराची छिन्नी कायमची झाकून टाकते. जुन्या मोटारींचेही असेच होते. कारखान्यातून आली तेव्हा जिथे साधा काळा रंग होता तिथे क्रोम चढते. मूळ चामडे फाटले नसतानाही काढून टाकतात. गंजाला मुळापासून न काढता वर पुट्टी भरतात. जुन्या मूर्तीवरून शेंदराचे कवच गळून पडले आणि आत शेकडो वर्षांपूर्वीचे रेखीव शिल्प निघाले, अशी घटना महाराष्ट्रात कधी ना कधी घडत असते. मोटारीचे उलट होते. तिच्यावरचे मूळ कवच एकदा घासून काढले की आत काही सापडत नाही, नुसता पत्रा.

जगातल्या जुन्या वाहनांच्या संघटनांचा महासंघ, फीवा, १९६६ पासून काम करतो. त्याने २०१२-१३ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. तिचे सार असे की आधी जपा, जपून भागत नसेल तरच दुरुस्त करा, जे बदलाल त्याची नोंद ठेवा, आणि शक्य असेल तर वाहन वापरात ठेवा. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. जाणत्या लोकांनी मोटारीला मूर्ती मानले नाही, चालणारे यंत्र मानले.

पण जपायचे म्हणजे काय, हा प्रश्न गॅरेजात रोज नव्याने उभा राहतो. उघड्या टपाच्या जर्मन गाड्यांची पुढची पिढी घेऊ. १९६३ मध्ये आलेली, वरचा पक्का टप मधे खोलगट असल्यामुळे ‘पॅगोडा’ म्हणून ओळखली जाणारी मर्सिडीज २३० एसएल, आणि तिच्यानंतर १९७१ पासून १९८९ पर्यंत तब्बल अठरा वर्षे बनलेली आर १०७ मालिका. मेबॅक सगळ्या मिळून १,८००, तर आर १०७ एकट्या दोन लाख सदतीस हजारांवर. या मालिकेतल्या, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या काही ३८० एसएल गाड्यांत टायमिंग चेन एकपदरी होती. ती सैल पडायची, तुटायची, आणि तुटली की अख्खे इंजिन बिघडायचे. कारखान्याने पुढे स्वतःच ती दुपदरी केली. आता अशी गाडी दुरुस्तीला आली तर मूळपणाच्या हट्टापायी एकपदरी चेन ठेवायची का? मुळीच नाही. बनवणाऱ्यानेच आपली चूक सुधारली असेल तर दुरुस्त करणाऱ्यानेही सुधारावी, काढलेली चेन कागदाची चिठ्ठी लावून डब्यात ठेवावी, आणि वहीत तारीख लिहावी. पुढच्या माणसाला काय होते आणि काय केले हे कळले पाहिजे. मालक हा अशा गाडीचा वहिवाटदार असतो. देवस्थानाची जमीन कसणाऱ्याने जसा हिशेब द्यायचा, तसा त्याने पुढच्या हाताला द्यायचा.

आता कायद्याकडे वळू, कारण या लेखाची खरी तक्रार तिथे आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा खासगी चारचाकी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नंतरच्या नोंदणीला ५,०००. रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यासाठी रस्त्यावर आणायची मुभा. हा नियम आल्याचे स्वागतच करायला हवे. त्याआधी अशा गाड्यांसाठी देशभर एकसारखी पद्धतच नव्हती.

अडचण पन्नास या आकड्यात आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि आयात केलेल्या मोटारीचे ४०,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते दुप्पट झाले: साध्या मोटारीला १०,०००, आयात मोटारीला ८०,०००. हिशेब करून पाहावा. परदेशातून आलेली एक उघड्या टपाची मर्सिडीज विसाव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत न्यायची तर सहा वेळा नूतनीकरण. आजच्या दराने ४ लाख ८० हजार रुपये, पर्यावरण कर वेगळा. पन्नाशी ओलांडली की तीच गाडी दहा वर्षांसाठी २०,००० रुपयांत राष्ट्राचा वारसा होते. ज्या वयात तिला आधार हवा त्या वयात आपण तिला भंगाराच्या काट्याकडे ढकलतो, आणि तरीही ती जगली तर तिचा सत्कार करतो. १९८९ साली बनलेल्या शेवटच्या आर १०७ला हा सत्कार २०३९ मध्ये मिळेल. तोवर किती उरतील?

जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांची, मूळ स्थितीत राखलेली गाडी ऐतिहासिक मानतात. तिच्या नंबराच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर येते आणि वर्षाचा ठरावीक कर लागतो, १९१ युरो ७३ सेंट. फीवाची व्याख्याही तीस वर्षांचीच. ब्रिटनमध्ये चाळीस. भारताने यांहून कडक आकडा घेण्याचे कारण कुठे सांगितलेले दिसत नाही.

इथे कुणी म्हणेल, लाखोंच्या मर्सिडीज बाळगणाऱ्यांना शुल्क परवडते, गोरेगावच्या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याने त्यांची काळजी का करावी? प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. श्रीमंताच्या मोटारीवर सार्वजनिक पैशातला एक रुपयाही खर्च होऊ नये. तशी मागणीही नाही. पण हा नियम श्रीमंताच्या मोटारीपुरता नाही. मोठ्या मालकाकडे वकील असतो, एजंट असतो, बंद गॅरेज असते; तो नोंदणी सोडून देऊन गाडी दिवाणखान्यातही ठेवू शकतो. नियमाचा फटका बसतो तो ज्याच्याकडे वडिलांची एकच जुनी गाडी आहे त्याला, आणि ज्या गाड्यांकडे वारसा म्हणून कुणी पाहतच नाही त्यांना.

त्यातली पहिली पुण्याची. टाटांची टेल्को आणि मर्सिडीज-बेंझ यांच्या भागीदारीत १९९५ मध्ये पुण्यात डब्ल्यू १२४ मोटारी बनू लागल्या. भारतात जोडलेल्या या पहिल्या मर्सिडीज मोटारी. पुण्याच्या कामगारांनी त्या उभ्या केल्या. जर्मनीत त्यांच्या बहिणींना ‘एच’ची पाटी लागू लागली आहे. आपल्याकडे त्याच गाड्या वीस वर्षांवरच्या, म्हणजे नकोशा. आज चाकणच्या कारखान्यात मर्सिडीज-मेबॅकचीही जुळणी होते. राजाराम महाराजांनी जे नाव समुद्रापलीकडून मागवले ते आता महाराष्ट्रातल्या कामगारांच्या हाताखालून जाते. या राज्याने जर्मन मोटारीचा आपला इतिहास पुण्यातल्या त्या पहिल्या गाडीपासून मोजायला हवा, आणि त्यातल्या चार तरी चालत्या राहतील हे पाहायला हवे.

दुसरी गाडी गोरेगावच्या जास्त जवळची. १९५४ मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात मालट्रक बनवायला घेतले. पुढची पंधरा वर्षे, १९६९ पर्यंत, त्या ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी होती. जुनी माणसे तिला टाटा-मर्सिडीजच म्हणतात. पूर्व विदर्भाने जर्मन यंत्र पाहिले ते उघड्या टपाच्या मोटारीत नव्हे, या ट्रकमध्ये. राइस मिलमधून तांदळाची पोती, जंगलातून लाकूड आणि तेंदूपत्त्याचे पुडे, कोहमाऱ्याकडून मुंबई-कोलकाता महामार्गाला लागणारी वाट. पण व्हिंटेजचा नियम मालवाहू वाहनाला लागूच होत नाही. दुचाकी आणि खासगी मोटार, बस्स. म्हणजे ज्याने या भागाचे धान बाजारात नेले तो ट्रक कायद्याच्या लेखी वारसा नाही. तो कुठे शेताच्या बांधाला उभा असेल तर त्याला मिळणारी एकच किंमत वजनाची.

हे बदलायला मोठे काही करावे लागत नाही. वयाची अट तीसवर आणावी. तीस ते पन्नास या वयातल्या गाडीला वापराची कडक मर्यादा घालावी, वाटल्यास वर्षाला किलोमीटर ठरवून द्यावेत, आणि नूतनीकरणाचे शुल्क व्हिंटेजइतके ठेवावे. मालट्रक, बस आणि ट्रॅक्टर यांना नियमात घ्यावे. ‘मूळ स्वरूप’ आणि ‘मोठा फेरबदल’ या शब्दांचा अर्थ नीट लिहून द्यावा. कुजलेली फरशी काढून तशीच नवी बसवली तर तो सांगाड्यातला फेरबदल ठरतो की दुरुस्ती, हे तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहू नये.

धुराचा आक्षेप येईल. जुनी इंजिने घाण धूर सोडतात, हे खरेच आहे. पण वर्षात काही शे किलोमीटर चालणाऱ्या मूठभर गाड्या आणि रोज रस्त्यावर असलेली लाखो वाहने यांना एका मापाने मोजणे बरोबर नाही. सुरक्षिततेचा आक्षेप जास्त वजनदार आहे. सीटबेल्ट नसलेली, जुन्या ब्रेकांची, डोक्यावर पत्रा नसलेली गाडी आजच्या महामार्गावर धोक्याची आहे. म्हणूनच रोजच्या वापराची बंदी योग्य, आणि तपासणी अशा माणसाकडून व्हायला हवी ज्याला जुने ब्रेक उघडून कळतात. तो माणूस कुठून आणायचा, इथे गोष्ट पुन्हा गॅरेजवर येते.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. मुले आता सेन्सर, स्कॅनर आणि नव्या इंजिनांवर शिकतात. ते शिकायलाच हवे, पोट त्यावर आहे. पण कार्बोरेटर कानाने लावणारा, पत्र्याचा पोचा आतून ठोकून काढणारा, लेथवर बुश तासून देणारा मिस्त्री प्रत्येक तालुक्याच्या गावात अजून एखाददुसरा तरी आहे. लग्नाच्या वरातीसाठी जुन्या जीपवर किंवा अॅम्बेसेडरवर पत्रा ठोकून ‘व्हिंटेज’ दिसणारी उघडी गाडी बनवून देणारे कारागीर महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. खरी जुनी गाडी समोर नसल्याने त्यांचे कसब नकलेत खर्च होते. पण पत्रा हाताने गोल वळवणे हे राफेन्सबुर्गच्या कारागिराचेच काम, आणि ते त्यांना येते. सरकारने अशा मिस्त्रींना आयटीआयमध्ये मानधनावर बोलवावे. तालुक्यात एक जुना ट्रक किंवा जीप धडा म्हणून द्यावी आणि तिचा जीर्णोद्धार मुलांच्या हातून, पानापानाची नोंद ठेवून, दोन वर्षांत करून घ्यावा. शहरातल्या लाखोंच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळांना आज माणसे मिळत नाहीत असे नाही, पण हात बसलेली माणसे दुर्मीळ आहेत. गोरेगावच्या मुलाला तिथे जागा आहे.

मुंबईत २०१४ पासून जुन्या मर्सिडीज गाड्यांची रॅली भरते. पॅगोडा येतात, एसएल येतात, साध्या टॅक्सीसारख्या वाटणाऱ्या जुन्या डिझेल गाड्याही येतात आणि लोक त्यांच्याभोवतीही तितकेच रेंगाळतात. अशी रॅली विदर्भात का नसावी? गोंदिया जिल्ह्याचा वर्धापन दिन १ मे, महाराष्ट्र दिनीच येतो. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून हा जिल्हा वेगळा झाला. त्या दिवशी जिल्ह्यातली जुनी वाहने एकदा रस्त्यावर यावीत. बांधावरचा टाटा-मर्सिडीज, आजोबांची बुलेट, आणि नागझिऱ्याच्या जंगलात टप काढून फिरणाऱ्या जिप्सीसुद्धा. मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली आणि २०१९ पर्यंत सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. आज वाघ पाहायला येणाऱ्यांना ती नुसती सवारी वाटते, पण गोरेगावच्या मुलांनी पाहिलेली उघड्या टपाची मोटार तीच, आणि तिचे सुटे भाग मिळणे दरवर्षी थोडे थोडे अवघड होत जाणार. कोल्हापूरच्या मेबॅकला जसा दसरा आहे तसा या गाड्यांना एक दिवस मिळाला, तर त्याच्या आदल्या महिन्यात कुणीतरी त्यांची बॅटरी पाहील, ब्रेक उघडील, टप वाळवील.

दसरा संपला की मेबॅक न्यू पॅलेसला परत जाते. कोल्हापूरहून दुपारी सुटलेली महाराष्ट्र एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियात येते. त्या सुमाराला गोरेगावकडे हलक्या धानाची कापणी सुरू झालेली असते, आणि गॅरेजांसमोर मळणीआधी दुरुस्तीला आलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागते. रांगेतले काही ट्रॅक्टर तिशी ओलांडलेले असतात. मिस्त्री त्यांच्या वयाची चौकशी करत नाही. बॉनेट उघडतो, मुलाला हाक मारतो आणि बारा-तेराचा पाना मागतो.